एकाच तुऱ्यावर

दिवाळी सरली की मद्रासचं आभाळ खाली उतरतं. देशावर या दिवसांत लोक गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतात, आणि इथे वेस्ट मांबलमच्या आमच्या बिऱ्हाडात दोरीवरचं लुगडं तीन-तीन दिवस ओलं राहतं. काडेपेटी पेटत नाही. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. समुद्राकडून येणारा हा पाऊस फारसा गडगडत नाही. एकदा बसला की पाहुण्यासारखा बसूनच राहतो. इथले लोक त्याला 'अडै मळै' म्हणतात, म्हणजे दाराला टेकून बसलेला पाऊस, असं मी मनाशी त्याचं मराठी करून घेतलं आहे. ते बरोबर नसेलही. पंधरा वर्षं इथे काढली, तरी माझं तामिळ भाजीवालीपुढे जात नाही.

काल माझी मुलगी शैला तिची निबंधाची वही घेऊन आली. पुठ्ठ्यावर बुरशीची पांढरट जाळी धरली होती आणि ती अंगठ्यानं पुसायला निघाली होती. मी एवढ्या जोरात तिचा हात धरला की ती बघतच राहिली. चोळलं की बुरशी कागदात शिरते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवायचा, पिळायचा आणि नुसता टेकवून उचलायचा. हे मी तिला करून दाखवलं. तिनं अर्ध्या तामिळमध्ये, अर्ध्या मराठीत विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, एका ऑफिसात. मग दिवसभर त्या स्पिरिटचा वास बोटांना राहिला, आणि कामात लक्ष लागेना.

ते ऑफिस म्हणजे अड्यारच्या अंगाला एका जुन्या बंगल्यातलं वाळलेल्या झाडांचं संग्रहालय होतं. मी तिथे सव्वा वर्ष चित्रं काढली. त्या आधीच्या उन्हाळ्यात माझा पहिला मुलगा जन्मला आणि नवव्या दिवशी गेला. बारशाची तयारी झाली होती. नाव ठरलं होतं. पुण्याहून सासूबाईंनी पत्रातून कळवलं होतं, आणि ते पत्र तो गेल्यावर दोन दिवसांनी पोचलं. पुढे मी घरात नुसती बसून असायची. यजमानांच्या रेल्वे ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सांगितलं की झाडांची बारीक चित्रं काढणारं माणूस हवं आहे. माझं बी.एस्‌सी. वनस्पतिशास्त्रातलं होतं आणि हात बरा होता. यजमान म्हणाले, जाऊन तर बघ. मांबलमहून सैदापेटपर्यंत विजेची गाडी, तिथून बस, मग चिंचेच्या झाडांखालून दहा मिनिटं चालणं. त्या चालण्यासाठीच मी ते काम धरलं असावं.

तिथे सेतुराव होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले. तीन शतकांपूर्वी त्यांचे कुणी पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच झाले. कपाळावर गंध, अंगात बंद गळ्याचा पांढरा कोट, आणि छाती दम्यानं सतत पेटीच्या भात्यासारखी वाजणारी. त्यांचं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं तसं होतं. शब्द बखरीतले आणि हेल तामिळ. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं बोलले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचें मराठी फार वेगाचें आहे. मज मागें धावावें लागतें." मला कित्येक आठवड्यांनी त्या दिवशी हसू आलं.

सेतुरावांनी आयुष्याची वीस-बावीस वर्षं ऑर्किडांच्या एका लहानशा कुळात घालवली होती. ऑर्किड म्हटलं की लोकांना मोठी, मखमली, पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातली फुलं आठवतात. ही तशी नव्हती. डोंगरावरच्या रानात, झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर, वीतभर लांबीची ही झाडं उलटी लोंबत असतात. चपटी पानं एकात एक अशी गुंतलेली की लहान मुलीची तेल लावून घट्ट घातलेली वेणीच. आम्ही आपसांत त्यांना 'वेण्या' म्हणत असू. वेणीच्या टोकातून उंदराच्या शेपटीएवढा तुरा निघतो आणि त्यावर राळ्याच्या दाण्याएवढी शेकडो फुलं असतात. नुसत्या डोळ्यांना ती फुलं वाटतही नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येकाला पाकळ्या असतात, आणि खालच्या अंगाला एक ओठ असतो. त्या ओठावरून जात ठरते. कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाचा गोल, कुणाच्या कडेला झालर. बाकी सगळं सारखं.

ही रानं सलग नसतात. निलगिरीवर, पळनीच्या डोंगरांवर, आनैमलैवर वरती नुसतं गवत असतं आणि गवताच्या घड्यांमध्ये, जिथे पाणी झिरपतं तिथे, गर्द ठेंगणं रान दडलेलं असतं. त्याला शोलै म्हणतात. प्रत्येक शोलै म्हणजे गवताच्या समुद्रातलं बेट. एका बेटावरची वेणी आणि पलीकडच्या बेटावरची वेणी एकमेकींना हजारो वर्षं भेटलेल्या नसतात, असं सेतुराव सांगायचे. म्हणून कुठली जात कुठे सापडते याचा नकाशा करणं हे त्यांचं निम्मं काम. तो नकाशा त्यांच्या मेजामागच्या भिंतीवर होता. दक्षिणेच्या डोंगरांवर रंगीत ठिपके, आणि निळ्या ठिपक्यांची एक रांग पार वर सह्याद्रीपर्यंत, आमच्या महाबळेश्वरापर्यंत गेलेली. मी आल्यावर ती रांग त्यांनी मुद्दाम मला बोट फिरवून दाखवली. "ही तुमच्याकडील," म्हणाले, जणू माहेरची बातमी सांगावी तसं.

निळे ठिपके साध्या ओठाच्या एका जातीचे होते. तिला शंभर वर्षांपूर्वी कुणा युरोपियनानं नाव दिलं होतं. तो डोंगर चढला नव्हता, त्याच्याकडे वाळलेला एक तुरा जहाजातून गेला होता. आणि पळनीच्या एका टोकाला लाल ठिपक्यांचा लहानसा पुंजका होता. त्या वेणीच्या ओठाला झालर होती. ती जगात कुणी नोंदली नव्हती. सेतुरावांच्या यादीत आधी ठाऊक असलेल्या जाती अकरा होत्या आणि ही बारावी. मार्गळीत, म्हणजे वर्षाच्या शेवटी, ते निवृत्त व्हायचे होते. त्याआधी ग्रंथ पुरा करायचा होता, आणि त्या ग्रंथात त्यांनी स्वतः शोधलेली जात ही एकच.

तिचं नावही ठरलं होतं. ते मुनियनचं नाव होतं.

मुनियन हा पळनीच्या डोंगरातला माणूस. दम्यामुळे सेतुरावांचं रानात चढणं सुटलं, त्यानंतर सगळ्या वेण्या त्यानंच आणल्या. लिहिता-वाचता येत नसे, पण कुठल्या शोलैतल्या, कुठल्या झाडाच्या, कितव्या फांदीवरची हे वर्षानंतरही सांगायचा. झालरीची वेणी काढताना तो शेवाळावरून घसरून पडला आणि पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सेतुराव तेव्हा कोडैकानलला होते. इस्पितळात त्याच्या खाटेपाशी बसून त्यांनी त्याला शब्द दिला की हे झाड जगात तुझ्या नावानं ओळखलं जाईल. पाय वाकडाच बसला. मुनियन लंगडत पुन्हा डोंगरात हिंडू लागला, आणि ही गोष्ट त्यानं गावात सगळ्यांना सांगून ठेवली, देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा.

त्या वर्षीचा ऐप्पसी, म्हणजे इथला दिवाळीचा महिना, असाच गळका होता. आम्ही सकाळी आलो की पहिले दोन तास बुरशीत जायचे. कपाटं उघडायची, वाळलेल्या झाडांचे कागद एकेक करून बघायचे, कापूस टेकवायचा, डांबरगोळ्या बदलायच्या. टिपकागद विजेच्या दिव्यांच्या पेटीत वाळवायचे. छताला दोन ठिकाणी गळती होती, तिथे पितळेची घमेली ठेवलेली. सगळा बंगला ओल्या कुत्र्यासारखा वास मारायचा. दहानंतर मी खिडकीपाशी बसून चित्रं काढायची. वेण्यांचा फुलण्याचा हंगामही हाच, त्यामुळे मुनियनच्या बाटल्या याच दिवसांत येत. स्पिरिटमध्ये बुडवलेले तुरे, बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधलेली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली जागेची चिठ्ठी. मी एक-एक फूल सुईनं सोडवून काचेवर मांडायची आणि भिंगातून बघत कागदावर उतरवायची. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. संध्याकाळी गाडीत डोळे मिटून बसले तरी पापण्यांच्या आत ओठच ओठ दिसत.

त्या कामानं मला बरं केलं असं म्हणवत नाही. पण थकवायचं ते काम, आणि थकलेल्या माणसाला झोप येते.

बाराव्या जातीचं चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. प्रघात असा की तुऱ्याच्या बुडाकडचं चांगलं उमललेलं फूल घ्यायचं आणि तेच मोठं करून काढायचं. मी तसं काढलं. झालर इतकी सुबक होती की एक फूल काढून हात थांबेना. तुराच्या तुरा काढावा असं मनात आलं. खालून वर जाऊ लागले. दहावं, बारावं, पंधरावं. मग झालर विरळ झाली. विसाव्याच्या पुढे नव्हतीच. वरची सगळी फुलं साध्या ओठाची होती, निळ्या ठिपक्यांची, महाबळेश्वरची. एकाच तुऱ्यावर दोन्ही जाती होत्या.

मी दुसरी बाटली उघडली. तिथल्या एका तुऱ्यात पाचव्या फुलाशीच झालर संपली होती. तिसऱ्या बाटलीत सगळा तुरा साधा होता, फक्त बुडाच्या एका फुलाला झालरीचे दोन दात. मुनियननं त्या वर्षी लाल पुंजक्याच्या बाहेरच्या, मधल्या-मधल्या शोलैंतून तुरे आणले होते. बेटांच्या मधली ही बेटं आम्ही कधी बघितलीच नव्हती.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुबक झालरीच्या फुलाचं चित्र मेजावर तयार होतं. सेतुराव येता-जाता त्याच्यापाशी थांबत आणि पुढे जात. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. खोटी एक रेघही काढलेली नव्हती. आठ दिवस मी इतर चित्रांना शाई फिरवत राहिले. घरी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, एवढ्याशा फुलानं कुणाचं काय अडतंय, म्हाताऱ्याला समाधान मिळू दे. त्यांचंही खरं होतं. एखादं नाव ठरवून ठेवायचं आणि मग ते कुणाला द्यायचंच नाही, याचा भार कसा असतो ते मला कुणी सांगायला नको होतं. पण त्याच कारणानं मला हेही कळत होतं की जे नाहीच, त्याला नाव देऊन ते होत नाही.

नवव्या दिवशी मी तो तुरा काचेवर मांडला आणि सेतुरावांना म्हटलं, सर, एकदा बघता का, खालपासून वरपर्यंत.

ते बसले. फार वेळ बघत होते. पाणी घमेल्यात ठिपकत होतं. मग मान न उचलता ते म्हणाले की वरची फुलं कोवळी असतील, झालर नंतर फुटत असेल. मी सांगितलं की मी कळ्या फोडून बघितल्या; बुडाकडच्या कळीत झालर आधीपासून असते आणि टोकाकडच्या जुन्या फुलातही नसते. त्यांनी बाकीच्या बाटल्या मागितल्या. त्या मी आणूनच ठेवल्या होत्या.

दुपारी जेवायलाही ते उठले नाहीत. तीनच्या सुमाराला त्यांनी चष्मा काढून पुसला, आपल्या मेजाचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि त्यातून एक पिवळी पडलेली पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. पुडीवर त्यांच्याच अक्षरात सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि एक शब्द होता, 'विकृत'. आत एक वाळका तुरा होता. मी भिंगाखाली धरला. अर्ध्यापर्यंत झालर, पुढे साधा.

"मीं तेव्हांच पाहिलें होतें, बाई," ते म्हणाले. "एकच होता. एक विकृत असूं शकतो, असें मनास सांगितलें. मग खण उघडला नाहीं."

त्यांनी मला आठ दिवस का लागले हे विचारलं नाही. बहुधा ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी 'सरि' म्हटलं. इथे माणसं एखादी गोष्ट मान्य झाली की हा शब्द म्हणतात, आणि बोलणं संपवायचं असलं तरी हाच म्हणतात. मग त्यांनी हस्तलिखित पुढे ओढलं आणि बाराव्या प्रकरणावर आडवी रेघ मारली.

पुढचे तीन आठवडे आम्ही उलटं काम केलं. वीस वर्षांत वेगळं केलेलं एकत्र करायचं होतं. प्रत्येक तुरा खालून वर मोजायचा, झालर कुठे संपते ते लिहायचं. मुख्य वर्णनात 'ओठाची कड साधी' होतं तिथे 'साधी किंवा झालरीची' करायचं. दोन शब्दांची भर, पण त्या दोन शब्दांनी एक जात नाहीशी होत होती. सेतुरावांची छाती त्या ओलीत जास्तच वाजे. मधूनच ते लेखणी खाली ठेवून नुसते खिडकीबाहेर बघत. एका सकाळी मी आले तर ते खुर्चीवर उभे राहून नकाशावरच्या लाल ठिपक्यांना निळी शाई लावत होते. मी लावते म्हटलं, तर त्यांनी हातानंच नको अशी खूण केली. लालावर निळं नीट बसेना. ते ठिपके शेवटपर्यंत जांभळे राहिले.

कार्तिकात घाटरस्ता वाहून गेला आणि टपाल थांबलं, म्हणून हंगामाच्या शेवटच्या बाटल्या घेऊन मुनियन स्वतःच मद्रासला आला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर घोंगडी, हातात गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची टोपली. व्हरांड्यात उभा राहून तो पायांना लागलेला चिखल पावसाच्या पाण्याखाली धूत होता.

सेतुरावांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. तो बसेना, म्हणून तेही उभे राहिले, आणि उभ्यानंच त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तामिळमध्ये बोलत होते, पण इतकं सावकाश की मलाही कळलं. झाड वेगळं नाही. एकाच तुऱ्यावर खाली झालर आहे, वर नाही. ते जुन्याच जातीचं आहे. त्याला आधीच दुसऱ्याचं नाव आहे. चूक माझी, तुझी नाही.

मुनियन ऐकत राहिला. त्यानं टोपली खाली ठेवली. पुजाऱ्याचं, गावाचं काही बोलला नाही. त्यानं एकच गोष्ट विचारली.

"अय्या, मी मधल्या शोलैंतलं आणलं नसतं, तर दोन राहिली असती का?"

सेतुरावांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "हो. राहिली असती."

मुनियननं मान हलवली. त्या वाकड्या पायानं तो त्या वर्षी कुठे-कुठे चढला होता ते माझ्यासमोर चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं. तेवढा चढला नसता तर त्याचं नाव राहिलं असतं. सेतुराव खुर्चीत बसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणलं, कॉफी सांगितली, आणि मग काय करावं ते सुचेना म्हणून मुनियनला विचारलं की तुझं फूल बघायचं का.

त्याला समजलं नाही. मी सूक्ष्मदर्शक दाखवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यानं या काचेतून कधी बघितलंच नव्हतं. सेतुरावांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

मुनियननं हात घोंगडीला पुसले आणि डोळा लावला. पहिल्यांदा त्याला आपलीच पापणी दिसली. मी भिंग जुळवून दिलं. मग तो हललाच नाही. राळ्याचा दाणा म्हणून जे त्यानं वर्षानुवर्षं खुडलं, ते ताटाएवढं होऊन त्याच्यापुढे होतं. हे तेच का, असं त्यानं हळूच विचारलं. मी हो म्हटलं आणि तुरा पुढे सरकवला. दुसरं. तिसरं. प्रत्येक फुलाशी तो तेवढाच वेळ थांबे. कॉफी निवली. मी सरकवत राहिले, मनात मोजत राहिले. माझ्या टिपणात या तुऱ्याची झालर विसाव्या फुलापर्यंत होती.

सोळाव्याशी तो म्हणाला, "इथे."

मी म्हटलं, अजून नाही. त्यानं डोळा न काढता बोटानं डाव्या बाजूकडे खूण केली. मी बघितलं. उजवीकडे झालर होती. डावीकडचे दात बसले होते, गुळगुळीत झाले होते. मी इतके दिवस दोन्ही कडा गेल्या की मगच बदल धरत होते. सेतुराव उठून आले, त्यांनी बघितलं, मागचं फूल बघितलं, पुन्हा हे बघितलं.

"त्याचें बरोबर आहे," ते मला म्हणाले. "बाई, सारीं पुन्हा मोजावीं लागतील."

मुनियन त्या संध्याकाळच्या गाडीनं एग्मोरहून परत गेला. सेतुरावांनी त्याला आपली छत्री दिली आणि स्वतः भिजत बसपर्यंत गेले. आम्ही सगळे तुरे पुन्हा मोजले. मार्गळीत सेतुराव निवृत्त झाले आणि कुंभकोणमला मुलीकडे राहायला गेले. मला पुढे दिवस राहिले आणि मीही काम सोडलं.

ग्रंथ दोन वर्षांनी छापून झाला. त्यांनी मला एक प्रत पाठवली. काल शैला झोपल्यावर मी ती खाली काढली. कागद जाडसर, माझी चित्रं थोडी काळवंडलेली. जाती अकरा. अकराव्या, साध्या ओठाच्या त्या जुन्या जातीच्या वर्णनाखाली एक वाक्य आहे की झालर आधी डाव्या कडेनं जाते, आणि ही गोष्ट पळनीच्या मुनियन यांनी दाखवली. छापखान्यानं त्या नावातलं एक अक्षर चुकवलं. पुस्तकात आणखीही चुका पुष्कळ आहेत. माझ्या नावाची आद्याक्षरं उलटी झाली आहेत, दोन चित्रांचे क्रमांक बदलले आहेत, आणि एका ठिकाणी खुद्द सेतुरावांचंच गाव तंजावरऐवजी भलतंच पडलं आहे. शेवटच्या पानाला शुद्धिपत्राची एक चिठ्ठी डकवलेली आहे. तिच्यावर एकच ओळ आहे: मुनियनचं नाव, बरोबर.